एकादशीचा संदेश आणि बधिर चट्टा

कार्तिकी एकादशी आली की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश हमखास फिरतो. उपवास केला की शरीर स्वतःतील निकामी भाग खाऊन टाकते, हे जपानच्या एका शास्त्रज्ञाने सिद्ध केले, त्याला नोबेल मिळाले, आणि आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते, असा त्याचा आशय. यंदा हा संदेश आला त्याच दुपारी कुसगावातील आमच्या आळीत आशाताई कुष्ठरोग शोधमोहिमेची वही घेऊन आल्या. अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का, एवढाच त्यांचा प्रश्न. बहुतेक घरांतून 'नाही हो ताई' असे उत्तर आले. एका घरात मात्र प्रश्न ऐकताच आजोबांनी सदऱ्याची बाही हळूच खाली ओढली.

संदेशातील शब्द 'ऑटोफॅजी' आणि वहीतील शब्द 'कुष्ठरोग'. या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे, आणि त्या संबंधाच्या वाटेवर मुंबईतील काही इस्पितळे, काही प्रयोगशाळा व बरीच मराठी माणसे भेटतात. आजचा धागा त्याविषयी.

आधी संदेशाचा निकाल लावू. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले, ही गोष्ट खरी. त्यांनी उपाशी ठेवले तेही खरे, परंतु माणसाला नव्हे, यीस्टला. पाव फुगवणाऱ्या या एकपेशीय जीवाला नायट्रोजनाविना ठेवले असता तो आपल्याच पेशीतील द्रव्ये पिशवीत बांधतो आणि पेशीतील रिक्तिकेत नेऊन पचवतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले व १९९२ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर ही क्रिया ज्या जनुकांवर चालते ती त्यांनी शोधली, आणि नोबेल मिळाले ते मुख्यतः या कामाला. क्रियेचे नाव त्याहून जुने आहे. बेल्जियमचे क्रिस्तियान द दूव यांनी १९५५ साली पेशीतील पचनाच्या पिशव्या, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतील 'लयकारिका', ओळखल्या, आणि १९६३ साली ग्रीक शब्द जोडून 'ऑटोफॅजी' हे नाव दिले. मराठीत 'स्वभक्षण' म्हणू. एकादशीच्या उपवासाने माणसाच्या पेशींत नेमके किती स्वभक्षण होते, हे ओसुमींनी मोजलेलेही नाही आणि तसा दावाही केलेला नाही. उपवास श्रद्धेने करावा, त्याला स्टॉकहोमच्या प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

स्वभक्षणाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती या संदेशांत कधीच येत नाही. पेशी ज्या पिशवीत आपला मोडका माल बांधते, त्याच पिशवीत ती घरात शिरलेला चोरही बांधू शकते. पेशीच्या आत लपून राहणाऱ्या जीवाणूंविरुद्ध हे फार प्राचीन शस्त्र आहे. पेशीच्या आत लपून राहण्यात सर्वाधिक निष्णात अशा जीवाणूंपैकी एकाने महाराष्ट्रातील हजारो माणसांना घराबाहेर काढले आहे.

मराठीत या रोगाला 'महारोग' म्हणत, 'रक्तपिती' म्हणत. शब्द उच्चारायचा तोही आवाज खाली आणून. पूर्वजन्मीचे पाप, कुळाचा दोष, देवाचा कोप अशी त्याची कारणे सांगितली जात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत या रोगाकडे रोग म्हणून पाहणारे जे थोडे लोक होते, त्यांत दोन नावे ठळक आहेत. पहिले डॉ. भाऊ दाजी लाड. अजिंठ्याचे शिलालेख वाचणारे, नाणी जमवणारे भाऊ दाजी आपल्याला परिचित असतात, पण ते ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होते आणि १८६०च्या दशकात महारोग्यांवर उपचार करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. सह्याद्रीत व कोकणात उगवणाऱ्या कडू कवठीच्या बियांचे तेल ते वापरीत. औषध त्यांनी बराच काळ गुप्त ठेवले, त्यावरून टीकाही झाली. १८७४ साली ते गेले.

दुसरे नाव हेन्री व्हँडाइक कार्टर. जगभर वैद्यकाचे विद्यार्थी ज्या 'ग्रेज ॲनाटॉमी' या ग्रंथावर पोसले गेले, त्याच्या १८५८च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे या गृहस्थांची. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले, पुढे काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. चित्रकाराच्या त्या तीक्ष्ण डोळ्यांनी त्यांनी मुंबईच्या महारोग्यांच्या जाड झालेल्या नसा पाहिल्या आणि रेखाटल्या. १८७३ साली ते नॉर्वेला गेले. त्याच वर्षी नॉर्वेच्या बर्गन शहरात आर्मावर हॅन्सन यांना महारोग्यांच्या गाठींतील पेशींत बारीक काड्यांसारखे जीव दिसले होते. हाच कुष्ठरोगाचा जीवाणू. माणसाच्या एखाद्या दीर्घकालीन रोगाशी जीवाणूचे नाते जोडणारी ही अगदी आरंभीची घटना होय. कार्टर परतले ते रोग संसर्गजन्य आहे आणि रोग्यांना वेगळे ठेवले पाहिजे, हे मत घेऊन.

येथे एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. हॅन्सनचे सासरे दानिएल दानिएल्सन हे त्या काळचे थोर कुष्ठरोगतज्ज्ञ. रोग आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी रोग्याच्या गाठीतील द्रव्य अनेकदा स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. काहीही झाले नाही. जावयाने १८७९ साली उलट बाजू सिद्ध करण्यासाठी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीविना रोगद्रव्य टोचले. तिने तक्रार केली, खटला चालला आणि हॅन्सन यांना इस्पितळातील पद गमवावे लागले. जीवाणू शोधण्याचा मान त्यांचाच, परंतु तो जीवाणू रोग देतो हे ते प्रयोगाने दाखवू शकले नाहीत. सासऱ्याचा सिद्धान्त चुकीचा ठरला, पण त्याच्या शरीराने दिलेले उत्तर खोटे नव्हते. जीवाणू आत जाऊनही रोग झाला नव्हता. मग त्या जीवाणूचे झाले काय? हा प्रश्न त्या काळी कोणी नीट विचारला नाही. 'कोणाला दूर ठेवायचे' हा प्रश्न सरकारांना अधिक निकडीचा वाटत होता.

१८८९ साली हवाई बेटांवर महारोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात भीतीची लाट पसरली. मुंबईत रस्त्यावर भीक मागणाऱ्या महारोग्यांविरुद्ध वृत्तपत्रांत ओरड सुरू झाली. त्या वेळी महापालिका आयुक्त होते हॅरी ॲकवर्थ. इतिहासप्रेमी वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठ्यांचे पोवाडे जमवून १८९१ साली प्रसिद्ध करणारे, आणि पुढे त्यांचे इंग्रजी भाषांतर करणारे ते हेच ॲकवर्थ. शाहिरांच्या तोंडून तानाजीचा पोवाडा उतरवून घेण्याच्या त्याच काळात, १८९०च्या अखेरीस, त्यांनी माटुंग्याला निराधार महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. आज वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय म्हणून आपण ते ओळखतो. त्यांचा हेतू दयेचा होता की शहर स्वच्छ दिसावे असा होता? माझ्या मते दोन्ही, आणि त्यांत विरोध आहे असे त्यांना वाटले नसावे.

याच सुमारास विलायतेहून लेप्रसी कमिशन हिंदुस्थानात आले. १८९० व १८९१ या दोन वर्षांत देशभर हिंडून त्याने निष्कर्ष काढला की रोग आनुवंशिक नाही, संसर्गाने होत असला तरी नेहमीच्या सहवासात संसर्गाचा धोका अल्प आहे, आणि सर्व रोग्यांना सक्तीने कोंडण्याचे समर्थन करता येत नाही. त्या काळाच्या मानाने हा निष्कर्ष विलक्षण समंजस होता. पण १८९७च्या बर्लिन परिषदेत विलगीकरणाचा आग्रह धरला गेला आणि १८९८ साली हिंदुस्थानात 'लेपर्स ॲक्ट' आला. त्यान्वये निराधार महारोगी दिसताच पोलिसाला त्यास वॉरंटाशिवाय पकडता येई. कायद्याचा बडगा भिकाऱ्यावर पडे. श्रीमंत रोगी आपल्या माडीवर सुखेनैव राहत असे.

कायदा भीतीने केला असला तरी दानिएल्सनचा प्रश्न शिल्लकच होता, आणि त्याला पुढे एक मराठी साक्षीदार मिळाला. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांनी गटाराकाठी मरणाला टेकलेला तुळशीराम पाहिला. प्रथम ते घाबरून पळाले आणि त्या भीतीची लाज वाटून परत आले. हा प्रसंग महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्याहून कमी सांगितला जाणारा प्रसंग कलकत्त्याचा. तेथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेत असताना बाबांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठजीवाणू टोचून घेतले. जीवाणू तेथेही रुजले नाहीत. १९४९ साली बाबांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, आनंदवन उभे राहिले, आणि पुढील सहा दशके हजारो रोग्यांच्या सहवासात ते राहिले. २००८ साली त्यांचे निधन झाले. कुष्ठरोग त्यांना कधी झाला नाही.

याला कोणी पुण्याई म्हणेल. आकडेवारी सांगते की सुमारे ९५ टक्के माणसांना या जीवाणूविरुद्ध निसर्गतःच पुरेसा प्रतिकार असतो. म्हणजे बाबांचे शरीर अपवाद नव्हते, बहुतांशांपैकी एक होते. त्यांचा अपवाद धैर्यात होता.

उरलेल्या थोड्यांना रोग होतो, पण तोही एकसारखा नाही. काहींच्या अंगावर एकदोन स्पष्ट कडेचे बधिर चट्टे उठतात, त्यांत जीवाणू शोधूनही सापडत नाहीत. हा 'ट्यूबरक्युलॉइड' प्रकार. काहींची त्वचा सर्वत्र सुजते, चेहरा जाड होतो, आणि सुईच्या टोकावर येईल एवढ्या ऊतीत जीवाणूंची खच्चून भरलेली पोती दिसतात. हा 'लेप्रोमॅटस' प्रकार. दोन टोके, आणि मध्ये अनेक पायऱ्या. जीवाणू तोच, शरीरे निराळी. जपानचे केन्सुके मित्सुदा यांनी १९१९ साली मारलेल्या कुष्ठजीवाणूंचा अर्क रोग्यांच्या त्वचेत टोचून पाहिला तेव्हा पहिल्या प्रकारच्या रोग्यांच्या हातावर गाठ उठली, दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांच्या हातावर काहीच उठले नाही. जणू त्यांच्या शरीराला शत्रू ओळखूच येत नव्हता.

ज्या पोत्यांविषयी बोललो ती पोती म्हणजे आपल्याच शरीरातील महाभक्षक पेशी, मॅक्रोफेज. त्यांचे कामच मुळी जीवाणू गिळणे. इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली सिसिलीच्या किनाऱ्यावर ताराम्याच्या पारदर्शक अळीत काटा टोचून भक्षक पेशी त्याभोवती गोळा होताना पाहिल्या, आणि प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा एक पाया घातला गेला. त्यांचाच ओडेसातील शिष्य वाल्डेमार हाफकिन १८९६ साली प्लेगच्या साथीत मुंबईत आला आणि जानेवारी १८९७मध्ये आपली लस त्याने प्रथम स्वतःला टोचली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. प्लेगवर लस झाली, पटकीवर झाली, कुष्ठरोगावर होईना. कारण लस करायची तर जीवाणू वाढवता आला पाहिजे, आणि हा जीवाणू काचेच्या बशीत आजतागायत कोणाला वाढवता आलेला नाही. उंदराच्या पंज्यात तो १९६० साली वाढला, आर्माडिलो नावाच्या अमेरिकन खवलेधारी प्राण्यात १९७१ साली. बशीत नाही.

प्रयत्न मात्र अनेकांनी केले, आणि त्यांतील एक महत्त्वाचा प्रयत्न परळचा. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले तेव्हापासून ते तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते. कर्करोग हे त्यांचे मुख्य क्षेत्र, पण कुष्ठरोगाने त्यांना सोडले नाही. रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासून जीवाणू मज्जातंतूंत किती लवकर शिरतो, हे त्यांनी दाखवले. पुण्याच्या हुजूरपागेत व फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्या विद्यार्थिनी. अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे जेथे 'हीला' या विख्यात पेशी प्रथम वाढवल्या गेल्या तेथे, त्यांनी ऊतिसंवर्धन आत्मसात केले आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्याची प्रयोगशाळा उभी केली. सी. व्ही. बापट, रणदिवे व खानोलकर या तिघांनी १९५८ साली लेप्रोमॅटस रोग्याच्या ऊतीतून एक जीवाणू वाढवल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या आद्याक्षरांवरून तो 'आयसीआरसी' जीवाणू म्हणून ओळखला जाऊ लागला.

तो खरा कुष्ठजीवाणू नव्हता, त्याचा चुलत भाऊ निघाला. तरीही त्याने एक काम केले. लेप्रोमॅटस रोग्यांचे जे शरीर मूळ शत्रूला ओळखत नव्हते, ते या चुलत भावाच्या निमित्ताने पुष्कळदा जागे होई. डॉ. एम. जी. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे त्यापासून लस तयार केली. दक्षिण भारतात डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली चार लसींची तुलना करणारी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली आले. आयसीआरसी लसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले, बीसीजीने ३४.१ टक्के. हे यश लहान नव्हते. परंतु तोवर बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या झपाट्याने उतरू लागली होती आणि ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. आपल्या विज्ञानाच्या इतिहासातील ही एक रुखरुख आहे, असे मला वाटते.

आता भक्षक पेशींकडे परत येऊ, कारण कथेचा गाभा तेथे आहे. जे. जे. रुग्णालयात कुष्ठरोग्यांची वाकलेली बोटे आणि बसलेली नाके शस्त्रक्रियेने सुधारणारे डॉ. नोशीर अंतिया यांना प्रश्न पडला की आपण हे हात दुरुस्त करीत राहायचे, पण ते असे होतात का, हे कोण पाहणार? १९७०च्या दशकात त्यांनी मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था उभारली. तेथे पी. आर. महादेवन, तन्नाझ बिर्डी, नर्गेस मिस्त्री आदी संशोधक रोग्यांच्या रक्तातून भक्षक पेशी वेगळ्या काढून बशीत ठेवीत आणि त्यांना कुष्ठजीवाणू खाऊ घालीत. १९८३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. भक्षक पेशीच्या बाहेरील पटलावर ग्राही असतात, इंग्रजीत ज्यांना रिसेप्टर म्हणतात. हे ग्राही म्हणजे पेशीची बोटे, यांनीच ती बाहेरचे जग चाचपते. लेप्रोमॅटस रोग्यांच्या पेशींत जिवंत कुष्ठजीवाणू शिरला की प्रतिपिंडांना धरणारे हे ग्राही पटलावर कमी दिसू लागत. म्हणजे जीवाणू नुसता लपून बसत नव्हता, यजमानाच्या बोटांची जाणीवच तो घालवीत होता. आणि हा परिणाम जिवंत जीवाणूचा होता.

त्या वेळी या निरीक्षणाच्या मागची यंत्रणा सांगणे शक्य नव्हते. जंतू ओळखणारे मूळ ग्राही कोणते, हेच कोणाला माहीत नव्हते. असे ग्राही असले पाहिजेत, हे अमेरिकेच्या चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली केवळ तर्काने मांडले. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल होफमान यांच्या चमूने फळमाशीत 'टोल' हा ग्राही बुरशीपासून तिचे रक्षण करतो हे दाखवले. १९९८ साली ब्रूस ब्यूटलर यांनी सस्तन प्राण्यांतील त्याचा भाऊबंद ओळखला. होफमान व ब्यूटलर यांना २०११चे नोबेल मिळाले. जेनवे तोवर हयात नव्हते.

या नव्या ज्ञानाने कुष्ठरोगाचे जुने कोडे भराभर उलगडू लागले. २००३ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की कुष्ठजीवाणूच्या कवचातील मेदयुक्त प्रथिने टोल कुळातील पहिला व दुसरा ग्राही मिळून ओळखतात, आणि ट्यूबरक्युलॉइड चट्ट्यांत हे ग्राही लेप्रोमॅटस गाठींपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात. २००९ साली चीनमधील रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला. त्यात रोगाच्या संभाव्यतेशी निगडित जनुकांत 'नॉड-२' निघाला. हा ग्राही पेशीच्या आतल्या खोलीत पहारा देतो. २०१० साली दिल्ली व कोलकाता येथील रुग्णांच्या अभ्यासात टोल कुळातील पहिल्या ग्राहीचे नाव पुन्हा पुढे आले. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांतून आणखी एक दुवा मिळाला. नॉड-२ जागा झाला की तो स्वभक्षणाची यंत्रणा चालू करतो. ग्राही ही घंटा, आणि स्वभक्षण हा घंटा ऐकून धावणारा पहारेकरी.

पहारेकरी करतो काय? भक्षक पेशी जीवाणू गिळते तेव्हा तो एका पिशवीत असतो. ही पिशवी लयकारिकेला जाऊन मिळावी आणि आतील पाचकरसांनी जीवाणू विरघळावा, हा नेहमीचा क्रम. कुष्ठजीवाणू व त्याचा नातलग क्षयजीवाणू हे मिलन लांबवतात आणि त्याच पिशवीत संसार थाटतात. स्वभक्षण येथे दुसरी वाट काढते. ते त्या बंडखोर पिशवीभोवती दुहेरी पटल गुंडाळते आणि सगळे गाठोडे लयकारिकेत ढकलते. क्षयजीवाणूच्या बाबतीत हे २००४ साली प्रयोगाने दिसले. त्याच वर्षी व्हिएतनाम व ब्राझीलमधील कुटुंबांच्या अभ्यासात कुष्ठरोगाचा संबंध 'पार्किन' या जनुकाशी जोडला गेला. कंपवाताच्या काही प्रकारांस कारण होणाऱ्या या जनुकाचे त्वचारोगाशी काय नाते, म्हणून सगळे बुचकळ्यात पडले. २०१३ साली उत्तर आले की या कुळातील जीवाणूंना स्वभक्षणासाठी खूण करणाऱ्यांत पार्किनही आहे. भारतीय रुग्णांत मात्र पार्किनचा तोच दुवा ठामपणे दिसला नाही. प्रत्येक समाजात कुलूप एकाच किल्लीने उघडते असे नाही.

अखेर २०१७ साली रिओ दि जानेरोच्या संशोधकांनी रोग्यांच्या त्वचेतच स्वभक्षण शोधले. ट्यूबरक्युलॉइड चट्ट्यांत ते जोरात चालू होते, लेप्रोमॅटस गाठींत तुंबलेले होते. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. ही तुंबी जिवंत जीवाणूमुळे होते, मारलेल्या जीवाणूमुळे होत नाही. हे वाचताना मला मुंबईतील १९८३ची निरीक्षणे आठवली. दोन्ही प्रयोगांतील यंत्रणा निराळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. परंतु जिवंत जीवाणू यजमान पेशीला आतून निष्क्रिय करतो, ही दिशा आपल्या संशोधकांनी ग्राहींच्या मोजणीतून चौतीस वर्षे आधी पकडली होती. रिओच्या अभ्यासात गॅमा इंटरफेरॉन हे प्रथिन दिल्यावर लेप्रोमॅटस रोग्यांच्या पेशींतही स्वभक्षण पुन्हा सुरू झाले. म्हणजे यंत्र मोडलेले नव्हते, अडवलेले होते.

दानिएल्सन आणि बाबा आमटे यांच्या शरीरात टोचलेल्या जीवाणूंचे काय झाले असावे, याची आज कल्पना करता येते. त्यांच्या पेशींवरील बोटांनी त्यांना चाचपले असेल, घंटा वाजली असेल, गाठोडी बांधली गेली असतील. तो पुरावा आता उरलेला नाही, त्यामुळे हे अनुमानच.

'लेपर्स ॲक्ट' रद्द झाला तो २०१६ साली, ओसुमींना नोबेल मिळाले त्याच वर्षी. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यास २०१९ साल उजाडले. त्यापूर्वी कित्येक दशके हा रोग गोळ्यांनी बरा होत होता. बहुविध औषधोपचार १९८०च्या दशकाच्या आरंभी आला, सहा महिने ते एक वर्ष चालतो, सरकारी केंद्रात मोफत मिळतो, आणि औषध सुरू होताच रुग्णापासून इतरांना असणारा धोका लवकरच संपतो. २००५च्या अखेरीस देशाने कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. आजही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातील निम्म्याहून अधिक. आशाताईंची वही त्यासाठीच असते.

त्या दुपारी ताई त्या घरातून लगेच उठल्या नाहीत. त्यांनी चहा मागितला. इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या, एक्सप्रेस वेच्या नव्या रस्त्यात कोणाची किती जमीन गेली ते विचारले. मग आजोबांना म्हणाल्या, "आबा, बाही जरा वर करता का, मी पण बघते." कोपराच्या वर रुपयाएवढा फिकट चट्टा होता. ताईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि पेनाच्या टोकाने आधी चट्ट्याबाहेर, मग चट्ट्यावर अलगद स्पर्श केला. बाहेरचा स्पर्श आबांना कळला. आतला कळला नाही.

एकच चट्टा, कड स्पष्ट, आत बधिर. हे ट्यूबरक्युलॉइड बाजूचे लक्षण. अशा चट्ट्यात बहुधा जीवाणू फारसे सापडत नाहीत, कारण ग्राहींनी त्यांना ओळखलेले असते आणि भक्षक पेशींनी बहुतेकांचा फडशा पाडलेला असतो. बधिरपणा येतो तो त्या लढाईमुळे. जीवाणू मज्जातंतूत दडलेला, त्यामुळे त्याला हुसकावताना तंतूही जळतो. ज्या शरीराने जीवाणूवर मात केली, त्याच्याच हातची संवेदना जाते. उपचार लवकर मिळाले तर उरलेले तंतू वाचतात.

"हे कधीपासून आहे, आबा?" ताईंनी विचारले.

आबांनी सुनेकडे पाहिले, मग दाराकडे. "दोन वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "मला वाटलं, उन्हाचं असेल."

ताईंनी वहीत नोंद केली आणि सोमवारी आरोग्य केंद्रात स्वतः बरोबर येते म्हणाल्या. घरातील बाकीच्यांनाही खबरदारी म्हणून रिफॅम्पिसिनचा एकेक डोस मिळेल, हे त्यांनी सुनेला समजावले. सुनेने विचारले, आबांची ताटवाटी वेगळी ठेवायची का. ताई म्हणाल्या, "नाही गं," आणि आबांच्या शेजारी बसून उरलेला चहा संपवला.